खंजीर, गदा आणि पाच क्षणांचा खांडा

गेल्या नोंदीच्या वेळी मी बनवत असलेल्या टेबलावरच्या खेळात अकरा शस्त्रं होती. आता सहा उरली आहेत आणि लढाईत पहिल्यांदाच जीव आलाय. पाच शस्त्रं का गेली ते आधी सांगतो, कारण बाकीचं सगळं त्यातूनच निघालं.

सुरुवातीला प्रत्येक शस्त्राला मी फक्त इजेचा वेगळा फासा दिला होता (डी४ म्हणजे चार बाजूंचा फासा, २डी६ म्हणजे सहा बाजूंचे दोन). खंजिराला डी४, तलवारीला डी८, दोन हातांनी पेलायच्या खांड्याला २डी६, परशूला डी१२. हे फासे सरळ डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावरच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीतून घेतलेले. तिथे खांडा आणि परशू यांच्यातला फरक स्वभावाचा आहे. २डी६ची सरासरी ७ आणि डी१२ची ६.५, पण १२ पडण्याची शक्यता परशूला १२त एक, तर खांड्याला ३६त एक. खांडा भरवशाचा, परशू लहरी. कागदावर हे मला अजूनही फार देखणं वाटतं. टेबलावर मात्र प्रत्येकाला एका फेरीत एकच वार मिळायचा, त्यामुळे जो तो "मी मारतो" म्हणत फासा टाकून मोकळा व्हायचा. हातात काय धरलंय याचा दोन फेऱ्यांनंतर कुणालाच पत्ता नसायचा.

म्हणून मी फेऱ्याच काढून टाकल्या. आता कडेला घरांची एक लांब पट्टी असते, प्रत्येक लढवय्याची त्यावर एक सोंगटी, आणि एक घर म्हणजे एक क्षण; कृतीला जितके क्षण, तितकी घरं सोंगटी पुढे सरकते. खंजिराचा वार २ क्षणांचा, तलवारीचा ३, खांड्याचा ५. वार लागला की चुकला हे ठरवणारा फासाही गेला. ज्याला वार चुकवायचाय त्याने स्वतःचे क्षण मोजून बाजूला व्हायचं.

समोरचा नुसता उभा राहिला तर ३० क्षणांचा हिशोब असा लागतो: खंजीर १५ वारांत सरासरी ३७.५ इजा, तलवार १० वारांत ४५, खांडा ६ वारांत ४२. फारसं अंतर नाही. आता समोरच्याला २चं चिलखत घाला, म्हणजे प्रत्येक वारातून २ वजा, पण शून्याच्या खाली नाही. खंजीर ११.२५वर येतो, तलवार २६.२५वर, आणि खांडा ३०वर राहून सगळ्यांच्या पुढे जातो. चिलखताची खंडणी प्रत्येक वारामागे भरावी लागते. १५ वार करणारा ती १५ वेळा भरतो, ६ वार करणारा ६ वेळाच. दणकट शत्रूंपुढे झटपट शस्त्रं फिकी का पडतात याचं एवढं सोपं कारण मी आधी कधी मांडून पाहिलं नव्हतं.

हा हिशोब जुळल्याच्या आनंदात पहिली चाचणी घेतली. धाकट्या बहिणीकडे खंजीर, माझ्याकडे खांडा, दोघांनाही चिलखत नाही. तेव्हाचा नियम असा होता की घाव उगारलेला असताना मार बसला तर घाव मोडतो. ती दुसऱ्या क्षणी मारायची, चौथ्या क्षणी मारायची, आणि पाचव्यापर्यंत मी कधी पोचलोच नाही. "दादा, तुझा खांडा खाली येणार कधी?" तिचा प्रश्न अगदी रास्त होता.

याचं उत्तर एल्डन रिंग या व्हिडिओ गेममध्ये डोळ्यांसमोर होतं. तिथे प्रचंड शस्त्रांचा घाव एकदा सुटला की त्या मधल्या काळात किरकोळ माराने हात थांबत नाही. मार बसतो, रक्त जातं, पण घाव पुरा होतो. मी त्याला 'तोल' म्हणतो. आता एका वारात ४ किंवा त्याहून जास्त इजा झाली तरच घाव मोडतो. डी४वर ४ येण्याची शक्यता चारात एक, त्यामुळे दोन वारांत मिळून खांडा मोडण्याची शक्यता १६त ७. निम्म्याहून थोडी कमी. खांडेवाल्याला धाकधूक राहते, खंजीरवाल्याला आशा राहते. या एका आकड्यासाठी मी अख्खा आठवडा घालवला आणि तो सत्कारणी लागला असं मला मनापासून वाटतं.

पण चिलखत आलं की खंजिराचं सगळंच बिघडतं. २च्या चिलखतावर त्याची जास्तीत जास्त इजा २, म्हणजे तोल मोडायचा प्रश्नच नाही. ४च्या चिलखतावर तर शून्य. फासा वाढवून पाहिला, तर ती छोटी तलवार झाली. शेवटी खऱ्या इतिहासाने वाट दाखवली. युरोपात मध्ययुगाच्या शेवटी पोलादी पत्र्याचं चिलखत घालणारे सरदार रॉन्डेल नावाचा ताठ, टोकदार खंजीर बाळगत, आणि तो झटापटीत चिलखताच्या फटींत खुपसायच्या कामाचा होता. गेममध्येही ही जाण दिसते. एल्डन रिंगमध्ये बहुतेक शस्त्रांचा क्रिटिकलचा, म्हणजे कोलमडलेल्या शत्रूवरच्या खास घावाचा, आकडा १००, साध्या खंजिराचा १३०, मिसरिकॉर्ड नावाच्या खंजिराचा १४०. समोरचा कोलमडला की मग खंजिराची वेळ.

म्हणून आता ३ क्षण देऊन शत्रूच्या अंगाशी भिडता येतं. एकदा भिडलं की खंजिराला चिलखत लागू नाही आणि लांब शस्त्र चालवता येत नाही. खांड्याचा घाव पडून गेला की त्याला पुढचे ५ क्षण लागतात, आणि बहीण नेमकी तिथेच आत शिरते. झटकून टाकायचं तर मला उगारलेला घाव सोडावा लागतो, आणि त्यात गेलेले क्षण परत मिळत नाहीत. काल अशा तीन झटापटी झाल्या. तिन्ही वेळा आम्ही दोघं खुर्चीच्या टोकावर होतो.

गदेचं काम वेगळं आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये सांगाड्याला ठेचणाऱ्या माराची दुप्पट इजा होते. मॉन्स्टर हंटर या व्हिडिओ गेममध्ये हातोड्याने डोकं ठेचत राहिलं की प्राणी भोवळ येऊन पडतो, पण शेपूट तोडायची तर धारच हवी. म्हणजे शस्त्र बदललं की उभं कुठे राहायचं तेही बदलतं. माझ्याकडे इतके अवयव नाहीत, पण क्षणांची पट्टी आहे. गदेचा घाव ४ क्षणांचा, डी८चा, आणि लागला की समोरच्याची सोंगटी एक घर पुढे ढकलली जाते, म्हणजे त्याचा एक क्षण बुडतो. दोन गदाधारी एकावर तुटून पडले तेव्हा त्याचे दर ४ क्षणांतले २ जाऊ लागले, म्हणून एका कृतीत एकदाच ढकलता येईल अशी मर्यादा घातली.

परशू गेला याचं वाईट वाटतं. ५ क्षणांत तो खांड्याचंच काम करत होता. त्याला स्वतःचं काम सापडलं की परत घेईन. बाकीची चार अशीच कुणाची ना कुणाची सावली होती. धनुष्य तूर्त ठीक चाललंय.

सध्या अडलोय भाल्यावर. पाचव्या आवृत्तीत साध्या भाल्याला जादा पल्ला नाही, तो ग्लेव्ह, हॅल्बर्ड, पाइक या लांब दांड्याच्या शस्त्रांना आहे. मला ते पटत नाही, पल्ला काढला तर भाल्यात उरतं काय? माझ्या भाल्याला पटावरच्या दोन घरांचा पल्ला आहे, आणि त्या पल्ल्यात पाऊल टाकणाऱ्याला एक फुकटचा टोला बसतो. पण भाला हातात येताच बहिणीने फट शोधली. पुढे यायला १ क्षण, मागे हटायलाही १, म्हणून ती नुसती मागे मागे जात राहिली आणि मी प्रत्येक पावलाला टोला खात राहिलो. मागे हटायला २ क्षण केले, तर भाला वगळता सगळ्यांचीच कोंडी होते. रविवारी दुसरा उपाय करून पाहणार आहे: टोला मारला की भालेवाल्याचे पाय पुढच्या २ क्षणांसाठी जागीच रोवलेले. कुणी पल्ल्याच्या शस्त्रांवर असं काही करून पाहिलं असेल तर तुमचे क्षणांचे आकडे नक्की कळवा.