पाण्याची एकं दहं शतं

एकं, दहं, शतं, सहस्र… शाळेत ठेक्यात पाठ होणारी ही रांग भौतिकशास्त्रवाले रोज वापरतात. आकडा नेमका किती ते मागाहून; आधी तो कुठल्या घरात बसतो ते बघायचं. मराठवाड्यात याचा सराव पाण्यावर छान होतो.

घागर 10-15 लिटरची, म्हणजे दहंच्या घरात. टँकर 10-12 हजारांचा, दशसहस्र. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे यायची. 50 वॅगनच्या खेपेला 25 लाख लिटर. आणि जायकवाडी काठोकाठ भरलं की साधारण 2,900 दलघमी. इथं भलेभले घसरतात. दलघमी म्हणजे दहा लाख घनमीटर, आणि एका घनमीटरात हजार लिटर. तो हजार विसरला की उत्तर सरळ तीन घरं खाली येतं. लिटरमध्ये जायकवाडी म्हणजे 29 वर 11 शून्यं, रेल्वेच्या सहा घरं पुढे. रोज एक खेप भरून नेली तर धरण आटायला तीन हजारांवर वर्षं लागतील. (ऊन काही इतकी वाट बघत नाही.)

उन्हाचा हिशेब शेततळ्यावर करून बघा. 30 बाय 30 मीटर, खोली 3. कागदावर 27 लाख लिटर होतात, पण बाजू उताराच्या असल्यानं प्रत्यक्षात 20-22 लाखच मावतं. तरी जवळजवळ एक रेल्वे झाली. मे महिन्यात रोज किती मिलिमीटर उडतं? सात धरा नाहीतर बारा. 900 चौरस मीटरवर सातनं 6,300 लिटर, बारानं 10,800. दोन्ही दशसहस्राच्याच घरात, म्हणजे रोजचा एक टँकर! 6,300 ला हजाराच्या घरात का टाकायचं नाही? कारण ही घरं दहापटीनं वाढतात, म्हणून मधली खूण पाचवर येत नाही. ती दहाच्या वर्गमुळावर, 3.16 वर येते. 3,160 च्या पुढचं सगळं वरच्या घरात. शाळेतल्या सवयीनं 4,000 खाली ढकलला जातो, तो असा.

तळ्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरला की पाझर थांबतो, वरून उडणारा टँकर थांबत नाही. तो तोंडाच्या क्षेत्रफळावर ठरतो, खोलीवर नाही. तेवढंच पाणी साठवायचं तर तोंड आवळून खोली वाढवलेली बरी. अर्थात दोन मीटरवरच काळा पाषाण लागला नाही तर.