पिंप ओकच्या वासासाठी नसतं

फ्रान्सच्या बरगंडी प्रांतात शार्दोने द्राक्षाची पांढरी वाइन चाखताना आपला माणूस हमखास विचारतो, "यात ओक कुठंय?" म्हणजे ओकच्या लाकडी पिंपाचा वास. त्याला व्हॅनिला हवा असतो, भाजलेलं खोबरं हवं असतं. तो वास नाही म्हणजे फसवणूक झाली, असं त्याला वाटतं.

तिथल्याच बोन शहरापासून आठेक किलोमीटरवरच्या म्योर्सो गावात ओकचे तुकडे टाकून वाइनला वास आणायला बंदी आहे. युरोपीय संघाने 2006 मध्ये तशी परवानगी दिली, तरी गावाची नियमावली ठाम आहे. कुणाला हा हट्ट वाटेल, मला तो पूर्ण पटतो.

इथे घड अख्खेच प्रेसमध्ये जातात आणि दाब हळूहळू वाढवतात. रस रात्रभर थंड ठेवून जाड गाळ बसू देतात. तो फार नितळ केला तर यीस्टची उपासमार होते आणि आंबणं मध्येच अडकतं. गढूळ ठेवला तर कुजक्या अंड्यांचा वास धरतो. मग तो थेट 228 लिटरच्या पिंपात जातो. फेसासाठी वर थोडी जागा सोडतात.

खरी गोम इथेच आहे. स्टीलच्या टाकीत तयार झालेली वाइन नंतर नव्या पिंपात भरली, तर ती लाकडाचा वास भसाभसा ओढून घेते. रसच पिंपात आंबवला, तर यीस्ट व्हॅनिलिनचा, म्हणजे लाकडातल्या व्हॅनिलाच्या वासाच्या पदार्थाचा, बराचसा भाग जवळपास वास नसलेल्या पदार्थात बदलतं, आणि तळाशी बसलेलं मेलेलं यीस्टही लाकडाचा अंश धरून ठेवतं. लाकडाचा सहवास जास्त, तरी वास कमी! नव्या पिंपांचं प्रमाणही बेतानेच ठेवतात. त्यांच्या फळ्या दोन-तीन वर्षं उघड्यावर ऊन-पावसात वाळवलेल्या असतात, नाहीतर वाइनला कच्च्या लाकडाचा कडवटपणा येतो.

पिंप घ्यायचं ते मुख्यतः हवेसाठी. लाकडातून अगदी थोडा ऑक्सिजन आत जातो आणि वाइनही थोडी उडून जाते. म्हणून दर आठवड्या-पंधरवड्याला तीच वाइन घालून पिंप तोंडापर्यंत भरतात. हे चुकलं की वरच्या पोकळीत ॲसिटिक जिवाणू माजतात आणि व्हिनेगरचा दर्प येतो. दरम्यान दुसरे जिवाणू वाइनमधल्या तीव्र मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात आणि आंबटपणाची धार बोथट होते. त्यातून येणारा लोण्याचा वास गाळातलं यीस्ट पुढे बराच कमी करतं. घाईने गाळ काढला की तो वास तसाच राहतो. साधारण वर्षभराने वाइन पिंपातून टाकीत काढतात, बारीक गाळासकट, आणि बरेच जण दुसरा हिवाळा तिथेच काढू देतात.

आता कुणी म्हणेल, नाशिकला हे का करत नाहीत? तिथली काढणी जानेवारी ते मार्चमधली, ऊन तापत जातं तसं आम्ल झपाट्याने उतरतं. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाइन थंड स्टीलमध्ये आंबवून ताजी ठेवणं हा तिथला शहाणपणाचा निर्णय आहे. त्याला कमीपणा समजणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. उरलेलं आम्लही जिवाणूंच्या हवाली करून वाइन मिळमिळीत का करायची?

म्योर्सो हाती लागली तर साधारण बारा अंशांवर प्या. फ्रिजमधून काढल्या काढल्या नुसतीच आंबट लागते. काडी ओढल्यासारखा वास आला तर ग्लासात जरा हवा लागू द्या, बहुधा जातो. मात्र कोवळ्या वयातच रंग गडद सोनेरी आणि वास चिरून ठेवलेल्या सफरचंदाचा आला, तर ती बाटली अकाली ऑक्सिडाइझ झालीये, म्हणजे ऑक्सिजनने बिघडलीये. 1990 च्या दशकाच्या मध्यापासूनच्या बरगंडीत हे दुखणं बरंच गाजलं, आणि त्यानंतर अनेकांनी पिंपातला गाळ ढवळणं कमी केलं, कारण त्यानेही वाइनला हवा लागते.