विल्यम चौथ्याचे काय चुकले?

इंग्लंडच्या चौथ्या विल्यमची मला अधूनमधून कीव येते. 1830 ते 1837 अशी सात वर्षे तो गादीवर होता. मताधिकार विस्तारणारा 1832 चा सुधारणा कायदा आणि साम्राज्याच्या बहुतांश भागातील गुलामगिरी संपवणारा 1833 चा कायदा, हे दोन्ही त्याच्याच कारकिर्दीत झाले. तरीही त्याच्या नावाचा कालखंड कोणाच्या तोंडी नाही. आधीच्या चार जॉर्जांच्या 'जॉर्जियन' काळाला त्याची वर्षे ठिगळासारखी जोडली जातात आणि लगेच त्याच्या पुतणीचे युग सुरू होते. ती 63 वर्षे राज्यावर राहिली, म्हणून आजही कपाटे, इमारती, इतकेच काय एखाद्याचे सोवळे विचारसुद्धा 'व्हिक्टोरियन' ठरतात.

बरे, हा केवळ मुदतीचा हिशेब म्हणावा तर तोही जुळत नाही. जेमतेम नऊ वर्षे राज्य केलेल्या सातव्या एडवर्डला 'एडवर्डियन' काळ मिळाला. उलट 70 वर्षे राणीपद भूषवलेल्या दुसऱ्या एलिझाबेथसाठी नावच शिल्लक नव्हते, कारण 'एलिझाबेथन' म्हटले की 1558 ते 1603 हाच काळ डोळ्यांसमोर येतो. तिच्या राज्यारोहणाच्या सुमारास 'नवे एलिझाबेथ युग' असा शब्दप्रयोग झाला खरा, पण तो रुळला नाही.

मराठीने याहून गमतीचा न्याय केला आहे. 'शिवकाल' राजाच्या नावाचा, पण 'पेशवाई' चक्क प्रधानाच्या पदाची. साताऱ्याच्या गादीवर छत्रपती असतानाही काळाला नाव मिळाले ते पुण्याच्या कारभाऱ्यांचे. गादी कोणाची यापेक्षा शिक्का कोणाचा चालतो, हे भाषेने बरोबर हेरले.

अशी नावे सहसा मागाहून रूढ होतात. जपानमध्ये मात्र माणसे त्या नावातच दिवस काढतात, कारण मेइजी काळापासून तेथे एका सम्राटाला एकच युगनाम असते आणि वर्षेही त्यावरूनच मोजली जातात. सम्राट हिरोहितो 7 जानेवारी 1989 रोजी निवर्तले, तेव्हा 'शोवा 64' हे वर्ष अवघ्या सात दिवसांत आटोपले आणि दुसऱ्या दिवशी 'हेइसेइ'चे पहिले वर्ष उजाडले. त्या दोन दिवशी जन्मलेल्या मुलांच्या वयात एका दिवसाचेच अंतर, पण जन्मनोंदीत दोघांची युगे वेगळी.