झोपेत पुसलेलं एक बिट

‘सर, आयडलमधून, म्हणजे काम नसतानाच्या झोपेतून, उठल्यावर एखादं रजिस्टर परत भरायचं राहिलं, तर मशीन क्रॅश होणार ना?’ ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या तासाला दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच. (रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या आतलं साठवणीचं छोटं घर.) तास संपल्यावर कॉलेज रोडच्या टपरीवर उभ्याउभ्या मी उत्तर सुरू करतो, पण चहा आधी संपतो. तुम्ही विचारलंत म्हणून आज पूर्ण लिहितो.

क्रॅश झालं तर नशीब समजा.

स्टॅक पॉइंटर, म्हणजे स्टॅकचा (चालू कामाच्या तात्पुरत्या नोंदींचा) पत्ता, चुकीचा भरलात, तर कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, जागच्या जागी आडवा होतो आणि चूक कुठे आहे तेही बऱ्यापैकी कळतं. गोची आहे ती मेमरीचं संरक्षण करणाऱ्या रजिस्टरांची. ती स्वतः काही करत नाहीत, नको ते होऊ देत नाहीत एवढंच. ती कोरी झाली की सगळं सुरळीत चालतं. चालायला नको तेसुद्धा.

माझं म्हणाल तर मी हे पिंपळगाव बसवंतला शिकलो. तिथल्या द्राक्षांच्या एका कोल्ड स्टोरेजसाठी बॅटरीवर चालणारं तापमान-नोंदीचं यंत्र केलं होतं. द्राक्षं शून्य अंशाच्या आसपास ठेवतात, त्यामुळे काटा जरा हलला तरी मालकाचा फोन. यंत्र मिनिटातून एकदा जागं व्हायचं, तापमान लिहायचं, पुन्हा झोपायचं. स्टॅक वाढून शेजारच्या बफरवर, म्हणजे नोंदी ठेवायच्या जागेवर, चढू नये म्हणून मधे 32 बाइटची निषिद्ध पट्टी आखली होती. एमपीयूचं, म्हणजे मेमरी प्रोटेक्शन युनिटचं, कामच ते. एक दिवस नोंद आली : 69 अंश. ‘काय सर, उकडली का माझी द्राक्षं?’

यंत्र टेबलावर आणलं, डीबगर (आत काय चाललंय ते दाखवणारं साधन) जोडला. दोन दिवस पाहतोय, पट्टी जागच्या जागी. तिसऱ्या दिवशी डोक्यात उजेड पडला. डीबगर जोडलेला असला की ती चिप गाढ झोपेतही कोअरची, म्हणजे आकडेमोड करणाऱ्या गाभ्याची, वीज तोडतच नव्हती! वायर काढली की वीज जायची, एमपीयू कोरा व्हायचा, आणि उठल्यावर तो पुन्हा भरायच्या चार ओळी मी लिहिल्याच नव्हत्या. म्हणजे माझं संरक्षण पहिल्या डुलकीपर्यंतच. पुढे कधीतरी इंटरप्ट (हातातलं काम थांबवणाऱ्या तातडीच्या हाका) एकावर एक आले, स्टॅक बफरमध्ये उतरला आणि द्राक्षं उकडली.

लाज वाटली होती. मग कळलं की या पंगतीत मोठी मंडळी बसलेली आहेत.

आयबीएमचा पॉवर9 घ्या. 2018मध्ये वेगात जगात पहिला आलेला समिट महासंगणक याच प्रोसेसरवर उभा होता. त्यात आयएएमआर नावाचं 64 बिटांचं रजिस्टर आहे : मेमरीच्या परवानग्यांच्या 32 किल्ल्या, प्रत्येकीला दोन बिट. रेडिक्स एमएमयू (मेमरीचे पत्ते लावणाऱ्या हार्डवेअरची एक पद्धत) चालू असताना लिनक्स त्यातलं एकच बिट लावत असे, 1 हा आकडा 62 घरं डावीकडे सरकवून. अर्थ असा, की वापरकर्त्याच्या पानावरचा (पान म्हणजे मेमरीचा ठरावीक तुकडा) कोड कर्नेलनं चालवायचा नाही. काम नसलं की कोअर ‘स्टॉप’ इन्स्ट्रक्शननं झोपतो, आणि झोप पुरेशी गाढ असली की रजिस्टरं जातात. उठल्यावर बाकी बरंच काही परत भरलं जात होतं. आयएएमआर राहिलं होतं.

ते दाखवून देण्याची रीत मला फार आवडते. लिनक्समध्ये एलकेडीटीएम म्हणून एक मॉड्यूल आहे, मुद्दाम आगळीक करून पाहण्यासाठीच. त्यातून कर्नेलला वापरकर्त्याच्या पानावरचा कोड चालवायला सांगितला, तर तो बिनबोभाट चालला. तेच मशीन बूट करताना ‘पॉवरसेव्ह=ऑफ’ दिलं, म्हणजे त्याला झोपूच दिलं नाही, तर लगेच फॉल्ट, म्हणजे प्रोसेसरनंच अडवलं. मला माझी डीबगरची वायर आठवली.

दुरुस्ती साधी : झोपण्यापूर्वी वाचून ठेवा, उठल्यावर लिहा. लिनक्सच्या 2019च्या 5.2 आवृत्तीत एएमआर, यूएएमओआर आणि एएमओआर या परवानग्यांच्याच भावंड-रजिस्टरांचीही तशी सोय झाली. जुन्या कर्नेलमध्ये ती नसल्याचा दोष पुढे सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-2020-11669 म्हणून नोंदला गेला. त्यातून आभासी मशीनमधल्या गेस्टला, म्हणजे पाहुण्या सिस्टिमला, अख्खा होस्ट, म्हणजे तिला चालवणारं खरं मशीन, पाडता येत होता. तेव्हा क्रॅश होणार, असं म्हणणाराही अगदीच चुकत नाही. कुलूप उघडं राहिलं तर चोर येतो, भलतंच लागून बसलं तर घरचेच बाहेर राहतात.

आता लॅबमध्ये झोपेची चाचणी असली की मी आधी डीबगर काढून ड्रॉवरमध्ये ठेवायला लावतो. ‘मग आत काय चाललंय ते दिसणार कसं?’ एक एलईडी लावा. बोर्ड झोपवा, उठवा आणि निषिद्ध पट्टीवर मुद्दाम लिहा. फॉल्ट आला तर दिवा लागेल. नाही लागला, तर मला हाक मारा.