'जातो बाबा' म्हणणारा मुलगा

रविवार, रात्र

आज चर्चच्या उपासनेत बायबलमधल्या मत्तय शुभवर्तमानाच्या २१ व्या अध्यायातला, येशूनं सांगितलेला दोन मुलांचा दाखला (बोधकथा) वाचला. बाप म्हणतो, द्राक्षमळ्यात जाऊन काम कर. एक 'जातो' म्हणतो आणि फिरकत नाही. दुसरा तोंडावर 'नाही' म्हणतो, मागाहून पस्तावतो आणि जातो. पाळकसाहेबांनी पहिल्याला झोडपलं, आम्ही आमेन म्हणालो.

पण खरं सांगायचं तर आमच्या घरांतून लाडका असतो तो हाच. बापाला उलट बोलत नाही, चारचौघांत मान राखतो. मंडळीतही, म्हणजे चर्चच्या लोकांतही, त्यालाच भाव. ३१ डिसेंबरच्या रात्री 'नव्या वर्षी रोज बायबल वाचणार त्यांनी उभं राहा' म्हटलं की अख्खं मंदिर उभं राहतं. त्या वेळी बसून राहायला जास्त छाती लागते! संजीवन सभेत, म्हणजे विश्वास नव्यानं जागवायच्या सभेत, स्वतःला देवाला वाहून द्यायला (समर्पणासाठी) वर होणारे हातही दर वर्षी तेच. ही माणसं खोटारडी आहेत असं मला वाटत नाही. त्या घटकेला त्यांना मनापासून मळ्यात जायचं असतं. पण गीत म्हणताना डोळे भरून आले की काम झाल्यासारखंच वाटतं, आणि मग जायचं राहून जातं. बायबलमधल्या 'उपदेशक' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात याला सरळ उत्तर आहे: नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा. हे वचन नवस फेडण्याच्या उपासनेत कुणी वाचलेलं मी तरी ऐकलं नाही.

'नाही' म्हणणाऱ्याचा विचार करताना मला पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण तिथल्या मठातल्या भगिनींना (जोगिणींना) त्या काही सरळ गेल्या नाहीत. त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धांतावर त्यांनी शंका काढल्या. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, असंही विचारलं. पटलं नाही ते पटलं नाही म्हणाल्या. त्या काळच्या वडीलधाऱ्यांना ही बाई हट्टी, अहंकारी वाटली असणार.

मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा घेऊन आल्या. इतक्या जणींना ठेवायचं कुठं, खायला काय घालायचं, हे प्रश्न होतेच. केडगावला जमीन होती, तिथं 'मुक्ती' ही निराधार बायकामुलींची संस्था उभी राहिली. विहिरी खोदल्या, शेती केली, मुलींना विणकाम, छपाई शिकवली. आज्ञापालन म्हणजे मान खाली घालणं, असं शिकलेल्या माणसाला हे चित्र जरा अडचणीचंच आहे.

दाखल्याचा शेवट मात्र आज घाईत उरकला गेला. याजकांना आणि वडिलांना येशू तोंडावर सांगतो, जकातदार आणि वेश्या तुमच्या आधी देवाच्या राज्यात जातात. केडगावात रमाबाईंनी कृपासदन काढलं ते अशाच, समाजानं 'वाया गेलेल्या' ठरवलेल्या बायकांसाठी. आमच्याकडे तसली एखादी बाई रविवारी आली, तर तिला बसायला जागा मिळेल ती शेवटच्या बाकावर. पुढचे बाक पंचांचे, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांचे.