आमची वाटचाल : मुलांचं बोलणं नीट ऐकता यावं म्हणून

आमचं केंद्र छोटं आहे. काम एकच, तोतरेपणा असलेल्या मुलांची स्पीच थेरपी. सुरुवातीला मूल बोलत असतानाच कागदावर रेघा मारून अडखळणं मोजायचो. रेघांकडे लक्ष गेलं की मुलाकडचं सुटायचं, म्हणून रेकॉर्डिंग सुरू केलं.

मोबाईलवरची पहिली रेकॉर्डिंग्ज वाया गेली. गोंगाट कमी करणारी फोनमधली सोय शब्दाची हळुवार सुरुवातही खाऊन टाकते, आणि आम्हाला ऐकायची असते नेमकी तीच. आता लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, साधा यूएसबी माईक, मोनो, ४४,१०० हर्ट्‌झ, १६ बिट. माईक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर आणि जरा बाजूला. अगदी समोर असला तर 'प', 'फ', 'भ'चा फुत्कार त्यावर आदळतो. आवाजाची पातळी उणे ६ डेसिबलच्या खालीच ठेवतो, कारण मूल मध्येच आनंदाने ओरडतं आणि एकदा फाटलेला आवाज नंतर नीट सांधता येत नाही.

बोलण्याचा नमुना किमान ३०० अक्षरांचा घेतो. अक्षरं उच्चारातली, लिहिण्यातली नव्हेत: 'घर' म्हणजे एक, 'शाळेत' म्हणजे दोन. नव्या माणसाचा हिशोब इथेच चुकतो. 'पा-पा-पा-पाणी' हे एकच अडखळणं धरायचं. ३०० पैकी १८ अक्षरांवर अडखळलं तर ६ टक्के. ऑडॅसिटीत अडखळलेला तेवढा तुकडा निवडून कंट्रोल-बी दाबलं की लेबल लागतं. आम्ही 'पुन्हा' (आवाज परत परत आला), 'लांब' (आवाज ताणला गेला), 'अडक' (आवाजच फुटला नाही) एवढंच लिहितो.

सगळ्यात फसवं असतं ते अडकणं. 'पाणी'च्या आधी ओठ घट्ट मिटलेले, दीड सेकंद आवाजच नाही. पडद्यावर सपाट रेघ दिसते, आणि आठवायला थांबलेल्या मुलाचीही रेघ तशीच असते. म्हणून शेजारी व्हिडिओ लागतोच.

एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नये. तोतरेपणा कमी-जास्त होत राहतो. आमच्याशी छान बोललेलं मूल घरी अडकतं. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी लिडकोम्ब या उपचारपद्धतीत पालक रोज तोतरेपणाला ० (अजिबात नाही) ते ९ (अतिशय तीव्र) मधला आकडा देतात. घरचं रेकॉर्डिंग ऐकून आम्हीही आकडा देतो. एकाहून जास्त फरक पडला तर पालकांसोबत बसून तेच पुन्हा ऐकतो.

मोठ्या मुलांना आधी त्यांचं सलग, मोकळं बोलणं ऐकवतो. अडखळलेला भाग ऐकायचा की नाही, हे त्यांनी ठरवायचं. रेकॉर्डिंगचं लाल बटणही मूलच दाबतं, आणि नको म्हणालं तर फाईल त्याच्यासमोरच पुसतो.