लातूरच्या कॉलेजात ऑक्सिजन प्लाझ्मा : प्रोजेक्ट मंजूर होईपर्यंतचा माझा अनुभव

मी लातूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात फिजिक्स शिकवतो. इस्रोच्या रिस्पॉन्ड योजनेतून (कॉलेज-विद्यापीठांना संशोधनासाठी पैसे देणारी योजना) प्रोजेक्ट कसा मिळाला असं बरेच जण फोन करून विचारतात, म्हणलं एकदा लिहूनच टाकावं.

विषय आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तीनशे-चारशे किलोमीटरवर हवा अगदी विरळ, पण जी आहे त्यात सुटा ऑक्सिजन अणू लई, सूर्याच्या अल्ट्राव्हायोलेटनं ओ-टू तुटून झालेला. सॅटेलाइट सेकंदाला साडेसात-आठ किलोमीटरनं पळतंय म्हणल्यावर प्रत्येक अणू साधारण ५ इलेक्ट्रॉन व्होल्टनं (अणूची ऊर्जा मोजायचं एकक) येऊन धडकतो आणि सॅटेलाइटवर ती पिवळसर सोनेरी फिल्म असती ना, कॅप्टॉन, ती हळूहळू खाऊन टाकतो. मग तिच्यावर कोटिंग द्यायचं, आणि ते कोटिंग टिकतं का हे जमिनीवर १३.५६ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींनी (आरएफ) केलेल्या ऑक्सिजन प्लाझ्मात, म्हणजे अणू-आयन सुटे झालेल्या चमकत्या वायूत, ठेवून बघायचं, एवढाच माझा प्रोजेक्ट.

इस्रो रिस्पॉन्ड बास्केट म्हणून एक यादी काढती, आपल्या सेंटरना कुठले प्रश्न सोडवून पाहिजेत त्याची. माझं मत सरळ आहे, आपल्या पीएचडीचा विषय ओढूनताणून तिथं बसवण्यापेक्षा यादीतला आपल्या लॅबला झेपणारा एक प्रश्न धरावा आणि तेवढाच लिहावा. सूर्याचा अभ्यास करणारं आदित्य-एल१ यान २०२३ मधे गेल्यापासून जो तो स्पेस वेदरवर (सूर्यामुळं अवकाशात होणारे बदल) प्रपोजल लिहितोय, ते वाईट नाही, पण लहान कॉलेजात मटेरियल टेस्टिंगसारखं हातानं करायचं काम पटवून देणं सोपं जातं असं मला वाटतं.

प्रेझेंटेशनमधे पहिला प्रश्न अपेक्षितच आला, तुमच्या चेंबरमधल्या अणूला ५ इलेक्ट्रॉन व्होल्ट कुठून येणार? येत नाहीतच. आरएफ प्लाझ्मातला अणू त्यामानानं थंड असतो, वर आयन (विद्युतभार असलेले अणू) आणि यूव्हीची भेसळ. म्हणून कोटिंग दिलेल्या सँपलशेजारी कॅप्टॉनचा साधा तुकडा ठेवायचा, त्याचं वजन किती घटलं ते मोजायचं, आणि ऑर्बिटमधे एका अणूमागं कॅप्टॉन ३ × १०⁻²⁴ घन सेंटीमीटर झिजतं हा आकडा माहीतच आहे, त्यावरून आपण ऑर्बिटमधल्या हिशोबानं किती अणूंचा मारा केला ते काढायचं. त्यात पुन्हा कॅप्टॉन ओल धरतं, पावसाळ्यात तर विचारूच नका, वजन करण्याआधी ते व्हॅक्यूममधे चांगलं वाळवावं लागतं, हे मी न विचारताच सांगितलं आणि समोरचे साहेब लोक जरा सरसावून बसले.

दुसरा प्रश्न मात्र मला आवडला. एकजण म्हणले, लातूर म्हणजे २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेच ना, मग तुमचा डिफ्यूजन पंप (चेंबरमधली हवा उपसणारा) थंड कशानं करणार? सगळे हसले, मी पण हसलो, पण प्रश्न खरा होता. उन्हाळ्यात आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी आलं तरी नशीब, आणि डिफ्यूजन पंपाला चालू असेपर्यंत पाणी फिरतं पाहिजे. मी बजेटमधे एअर कूल्ड टर्बो पंप आणि आरएफसाठी तेच तेच पाणी फिरवणारा चिलर धरला होता, महाग पडतो, पण टँकरच्या पाण्यातल्या क्षारांनी पाइप बसले तर दुरुस्तीचा माणूस पुण्याहून येणार. तसंच लाईटचं, व्होल्टेज वर-खाली होतं म्हणून स्टॅबिलायझर आणि यूपीएस वेगळा. हे सगळं जस्टिफिकेशनमधे गावाच्या नावासकट लिहिलं होतं. सायन्सच्या पानांपेक्षा या पानावर जास्त चर्चा झाली.

आता ऑफिसकडं येतो. खरी लढाई तिथंच. आमचे प्राचार्य हमीपत्रावर सही करायच्या आधी म्हणले, "सर, लाईटबिल कॉलेजनं भरायचं का इस्रोनं?" बडेबाबूंनी मात्र लई साथ दिली. यूजीसीचं १२ बी चं (कॉलेज केंद्राच्या अनुदानाला पात्र असल्याचं) जुनं पत्र त्यांनीच कपाटाच्या तळातून काढलं, पीएफएमएसचं (सरकारी पैशाचा हिशोब ठेवणारी ऑनलाइन प्रणाली) रजिस्ट्रेशन त्यांनीच केलं, आणि प्रोजेक्टचं खातं वेगळंच पाहिजे म्हणून अडून बसले. तेव्हा मला कटकट वाटली, पण अनुदानावरचं व्याज सरकारला परत भरावं लागतं आणि फीच्या खात्यात पैसे मिसळले की ते व्याज वेगळं काढता काढता डोकं फिरतं. एका मित्राच्या कॉलेजात तेच झालंय.

खरेदीला आधी जेममधे (सरकारी खरेदीचं पोर्टल) शोधायचं, वस्तू नाही मिळाली तर तसा रिपोर्ट काढून मग टेंडर. त्यात आमच्या एका सप्लायरनं कोटेशनची मुदत संपली म्हणून भाव वाढवला, आणि जीएसटी पण १८ टक्के, कारण संशोधन उपकरणांवरची ५ टक्क्यांची सवलत जुलै २०२२ मधेच गेली. जुने प्रपोजल बघून बजेट करणाऱ्यांनी एवढं तपासाच.

जेआरएफला (प्रोजेक्टवर काम करणाऱ्या रिसर्च फेलोला) २०२३ पासून महिना ३७,००० झालेत, त्यामुळं उमेदवार बरे येतात. आमच्याकडं उदगीरची मुलगी आलीय. सँपल लावताना तिला बघून शिपाई मामा विचारतात, "ताई, हे काय करूलालाव?" ती त्यांना खिडकीतून प्लाझ्माचा उजेड दाखवती आणि स्क्रीनवर ७७७ नॅनोमीटरची ऑक्सिजनची रेष पण. मामांना रेषेपेक्षा उजेडच आवडतो.

सध्या जीएफआर १२-ए (सरकारी खर्चाच्या नियमांतला नमुना) मधलं युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे अनुदान कशावर खर्च झालं त्याचा दाखला, सीएकडं पडून आहे, ते सही होऊन गेल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही आणि ऑडिटच्या सीझनमधे सीए फोन उचलत नाहीत. उद्या बडेबाबूच जाऊन बसणार आहेत म्हणे त्यांच्या ऑफिसात.